एलिट आय-२० ला लोअरिंग स्प्रिंग : किती मिमी, आणि शॉकअप तेच ठेवायचे का?

शाहूपुरी_११

गाडी हुंडाई एलिट आय-२०, २०१७ ची, पेट्रोल. टायर १९५/५५ आर१६, रनिंग ६८ हजार, शॉकअप कंपनीचेच. चाक आणि मडगार्डमधली फट कमी करायची आहे. शिवाय यवतेश्वरच्या वळणांवर गाडी बरीच कलते, तेही कमी झालं तर हवं आहे.

वापर असा : रोज शाहूपुरी ते एमआयडीसी, सुट्टीला कास किंवा पसरणी घाटातून पाचगणी, आणि अधूनमधून पाच जण सामानासह पुण्याला. ३५ मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगचा सेट मिळतोय. एका गॅरेजात म्हणतात की सेट कशाला, आहे त्याच स्प्रिंगचं दीड वेटोळं कापून देतो.

विचारायचं आहे ते हे : ३५ मिमी आपल्या रस्त्यांना जास्त होईल का? नुसत्या स्प्रिंग बदलल्या तर चालेल, की शॉकअपही घ्यावे लागतील? आणि बसवताना गॅरेजात उभं राहून नेमकं काय बघायचं?

---

कुपवाड_पाना

कापण्याचा विषय आधी संपवू. स्प्रिंग कापायची नाही. ग्राइंडरने नाही, गॅसने तर अजिबात नाही.

स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेटोळ्यांवर असतो. समजा साडेपाच वेटोळी काम करतात आणि दीड कापलं, तर चार उरली. कडकपणा साडेपाच भागिले चार, म्हणजे जवळपास ३७ टक्क्यांनी वाढला. शॉकअप मात्र जुन्या स्प्रिंगसाठी बनवलेला. त्यात स्प्रिंगच्या टोकाला जो आकार दिलेला असतो तो खालच्या बशीत बरोबर बसायला असतो. कापलेलं टोक तिथे नीट टेकत नाही, एका बिंदूवर भार येतो आणि तार तिथेच तडकते. गॅसने कापलं तर तार लाल होते, म्हणजे ७०० अंशांच्या वर जाते. स्प्रिंगचं पोलाद कडक करून मग ४००-५०० अंशांच्या आसपास टेंपर केलेलं (परत तापवून चिवट केलेलं) असतं, ते टेंपर त्या जागी निघून जातं. अशी स्प्रिंग काही महिन्यांत आणखी बसते किंवा तुटते, आणि तुटलेलं टोक टायरच्या आतल्या बाजूला लागतं.

आणखी एक, हे फार कमी जण तपासतात. गाडी जॅकवर उचलल्यावर चाक पूर्ण खाली लोंबतं तेव्हाही स्प्रिंग दोन्ही बशांमध्ये धरलेली राहिली पाहिजे. कापलेली स्प्रिंग तेव्हा मोकळी होते आणि हाताने फिरते. रस्त्यावर चाक मोठ्या खड्ड्यात उतरलं की हेच होतं. मागच्या बाजूला स्प्रिंग शॉकअपवर नसून वेगळी बीमवर (मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर) ठेवलेली आहे, तिथे ती जागेवरून सरकते. तयार सेट घेतला तरी ही तपासणी करायचीच.

आता पुढची बाजू. काम सुरू करण्याआधी सपाट फरशीवर चारही चाकांची उंची मोजून लिहून ठेवा. माप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या. जमिनीपासून घेतलं तर टायरमधली हवा कमी-जास्त असली की माप चुकतं.

चाक काढून गाडी घोडीवर, नुसत्या जॅकवर काम नाही. अँटी-रोल बारची (वळणात गाडी कलणं रोखणाऱ्या आडव्या सळईची) लिंक रॉड शॉकअपपासून सोडवा. ती फक्त एका बाजूची सोडली तर बार दुसऱ्या बाजूने ताणलेला राहतो, म्हणून दोन्ही बाजू उचलून दोन्हीकडच्या सोडा. ब्रेकचा होस आणि एबीएसची वायर शॉकअपच्या क्लिपमधून काढा, नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) बाजूला झुकला की आधी त्याच ताणल्या जातात. नकलचे दोन बोल्ट सोडण्याआधी शॉकअपचा कान आणि नकल यांच्यावर खिळ्याने रेघ मारा, म्हणजे परत बसवताना कॅम्बर (समोरून बघितलं तर चाकाचा आत-बाहेर कल) फार हलत नाही. नकल तारेने बांधून ठेवा, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट ओढला जातो.

वरचे तीन नट बोनेटखालून सुटतात. मधला नट, जो शॉकअपच्या रॉडवर आहे, त्याला हात लावायचा नाही. स्प्रिंग पूर्ण दाबून माउंट (शॉकअपचं वरचं टोक बॉडीला धरणारा भाग) हाताने हलायला लागल्यावरच तो नट सुटतो. आधी सोडला तर दोन-अडीचशे किलोच्या जोराने माउंट तोंडावर येतं. दोन स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारी आट्यांची हत्यारं) समोरासमोर, जमतील तितकी वेटोळी पकडून, आळीपाळीने दोन-दोन फेरे. त्यावर इम्पॅक्ट गन चालवू देऊ नका, आटे गरम होऊन उडतात.

नवीन स्प्रिंगवरची अक्षरं सरळ वाचता आली पाहिजेत, उलटी दिसली तर स्प्रिंग उलटी बसली. खालचं टोक बशीतल्या पायरीला भिडवा, रबर आणि धूळ-कव्हर जागेवर बसवा. ६८ हजारांवर वरचं माउंट आणि बेअरिंग नवीनच घाला. सगळं उघडलेलंच आहे, नंतर स्टिअरिंग फिरवताना टण्-टण् आवाज आला तर हेच काम पहिल्यापासून करावं लागतं.

---

सर्जा_मोजमाप

वरच्या सगळ्याला दुजोरा. मी फक्त ३५ मिमीचा हिशेब मांडतो, कारण निर्णय तिथेच होतो.

आधी पोट. कंपनीने दिलेला ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी. पाच जण आणि सामान भरलं की मागची बाजू ४५-५० मिमी बसते, पुढची १५-२०, म्हणजे मधोमध साधारण ३०. मूळ गाडीला भरल्यावर १४० उरतात. ३५ चा सेट घातला तर १०५, २५ चा घातला तर ११५.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, वक्राची त्रिज्या १७ मीटर. आय-२० चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २५७० मिमी. गाडी त्यावर मधोमध आली की दोन्ही चाकंही उतारावर चढलेलीच असतात, त्यामुळे पोटाखालून फक्त ४९ मिमी जातात. म्हणजे नियमाने बांधलेल्या गतिरोधकावर ३५ मिमी खाली गेलेली, भरलेली गाडीही आरामात निघते. अडचण गावागावांतल्या अरुंद गतिरोधकांची आहे. दीड-दोन फूट रुंदीचा, १२ सेंमी उंचीचा उंचवटा असेल तर तो दोन्ही चाकांच्या मध्ये पूर्णच्या पूर्ण मावतो आणि १२० च्या १२० मिमी पोटातून जातात. मूळ गाडी २० मिमी राखून निघेल, ३५ ची १५ मिमीने घासेल, २५ ची ५ मिमीने. त्यामुळे २५ घेतलं तरी भरलेल्या गाडीने असल्या ठिकाणी तिरकं आणि सावकाश जावं लागणारच. तुमच्या रोजच्या वाटेवरचे दोन-तीन वाईट गतिरोधक एक लाकडी पट्टी आणि टेप घेऊन खरोखर मोजा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि सेटच्या जाहिरातीपेक्षा ते माप जास्त खरं सांगतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, पण डोळ्यांना दिसत नाही : चाकाला वर यायला उरलेली जागा. समजा उभ्या गाडीत शॉकअप बंप स्टॉपला (शेवटी धक्का अडवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत ७५ मिमी आहेत आणि स्प्रिंग एका मिलिमीटरला २२ न्यूटन आहे. त्या ७५ मिमीत स्प्रिंग धक्क्याची साधारण ६२ जूल ऊर्जा घेते. ३५ मिमी खाली गेलात तर ४० मिमी उरले. नवीन स्प्रिंग २५ टक्के कडक धरली तरी त्या ४० मिमीत ती २२ जूलच घेते. जवळजवळ तिसरा हिस्सा. बाकीचा सगळा मार बंप स्टॉपच्या रबरावर आणि तिथून बॉडीवर. २५ मिमीच्या सेटला ५० मिमी उरतात, स्प्रिंग २० टक्के कडक धरली तर ३३ जूल, म्हणजे मूळच्या निम्मे. दहा मिलिमीटरचा फरक कागदावर लहान दिसतो, पण धक्का झेलण्याची ताकद दीडपट होते.

घाटात हे जास्त लागतं. वळणात बाहेरची बाजू आधीच दबलेली असते. त्यात खड्डा आला आणि शॉकअप रबरावर टेकला की त्या चाकाचा कडकपणा एका क्षणात कितीतरी पटींनी वाढतो, पुढचा टायर पकड सोडतो आणि गाडी वळणाबाहेर सरकते. कासच्या रस्त्याला पावसाळ्यानंतर कडा तुटलेल्या असतात, तिथे ही शक्यता खरी आहे.

स्वतःच्या गाडीचं माप काढायचं असेल तर सेट विकत घेण्याआधी हे करा. पुढचं धूळ-कव्हर वर सरकवा आणि रॉडवर एक बारीक झिप टाय आवळून शॉकअपच्या नळकांड्याला टेकवा. मग पाच जण बसवून नेहमीचा रस्ता फिरा. नळकांडं जितकं वर आलं तितकी टाय वर ढकलली जाते. परत येऊन नळकांडं ते टाय हे अंतर मोजा, तितका प्रवास वापरला गेला. टायच्या वर बंप स्टॉपपर्यंत जितकं उरलं तितकीच गाडी खाली घेण्याची मुभा. टाय आताच रबराला जाऊन टेकली असेल तर ३५ चा विचारच सोडा.

कलण्याबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. स्प्रिंग २५ टक्के कडक झाली म्हणून कलणं २५ टक्के कमी होत नाही, कारण अँटी-रोल बारचा वाटा तोच राहतो. आणि गाडी फार खाली गेली की लोअर आर्मचं (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचं) बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर जातं. तेव्हा पुढचं रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरतं आणि स्प्रिंगने कमावलेलं त्यातच परत जातं.

---

शाहूपुरी_११

मोजून बघितलं. झिप टायच्या वर ३० मिमीच्या आसपास उरतंय, म्हणजे ३५ बाद. २५ चाच सेट बघतो. शॉकअपचं मात्र अजून ठरत नाहीये. आताचे गळत नाहीत, बंपर दाबून सोडला तर गाडी एकदाच वर येऊन थांबते. तरी बदलायचे?

---

सर्जा_मोजमाप

बंपर दाबून बघितल्याने फक्त पार मेलेला शॉकअप कळतो. अर्धा संपलेला त्या तपासणीत पास होतो.

हिशेब असा. पुढच्या एका चाकावर २६० किलो धरले तर २२ च्या स्प्रिंगवर गाडी सेकंदाला १.४६ वेळा डोलू पाहते. २५ टक्के कडक स्प्रिंगवर १.६४. म्हणजे डोलणं तितकंच चांगलं थांबवायला शॉकअपचा जोरही १२ टक्क्यांनी जास्त लागतो, आणि ६८ हजार चाललेल्याचा जोर तर उलट कमी झालेला आहे. शिवाय खाली घेतलेल्या गाडीत पिस्टन नळकांड्याच्या ज्या भागात आजवर क्वचित जायचा तिथेच रोज चालणार. जुना सील अशा नव्या जागी लवकर गळायला लागतो.

तुमच्यापेक्षा सांगली-मिरजेकडच्या वाचकांना हे जास्त लागू आहे. काळ्या मातीवरचे रस्ते उन्हाळा-पावसाळ्यात आकसतात, फुगतात आणि लांब लांब लाटा येतात. ८० च्या वेगात त्या लाटांवर कडक स्प्रिंग आणि थकलेला शॉकअप असला की गाडी एका लाटेवरून सावरायच्या आत दुसरी येते.

तेव्हा चारही शॉकअप नवीन. २५ मिमीला मूळ लांबीचे चालतात. ४० च्या पुढे जाणाऱ्यांनी आखूड रॉडचे बघावेत. पैसे एकदम जमत नसतील तर आधी शॉकअप घ्या आणि स्प्रिंग नंतर. घाटातला अर्धा फरक नुसत्या नवीन शॉकअपनेच जाणवेल. फक्त मजुरी दोनदा पडते.

---

कुपवाड_पाना

बंप स्टॉपबद्दल एक सांगायचं राहिलं. सेटच्या कागदावर किती कापायचा ते लिहिलेलं असेल तरच कापा, धारदार पात्याने आणि तितकाच. काही ठिकाणी जागा वाढवायची म्हणून तो सरळ काढून टाकतात. मग पिस्टन शॉकअपच्या तळावर आदळतो आणि आतला व्हॉल्व्ह फुटतो. वॉरंटी तिथेच संपली.

मागची बाजू सोपी आहे, कॉम्प्रेसर लागत नाही. बीमखाली जॅक लावून हलका आधार द्या, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, जॅक सावकाश उतरवा. उतरवताना एक माणूस फक्त ब्रेकच्या होसवर आणि हँडब्रेकच्या केबलवर नजर ठेवून बसवा. होस ताठ व्हायच्या आत थांबायचं. स्प्रिंग हाताने निघते. वरच्या-खालच्या रबरी गाद्या तपासा, चेपलेल्या असतील तर दोन्ही बाजूंच्या नवीन घाला. एकाच बाजूची बदलली तर गाडी तिरकी बसते आणि दोष स्प्रिंगला जातो.

आता सगळ्यात जास्त चुकणारं काम. लोअर आर्मच्या आणि मागच्या बीमच्या बुशचे बोल्ट चाकं लोंबत असताना अंतिम आवळायचे नाहीत. या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. ज्या उंचीवर बोल्ट आवळला ती त्याची शून्य जागा. आर्म ३५०-४०० मिमी लांब असेल तर २५ मिमी खाली जाण्यानेच तो साधारण चार अंश फिरतो. हवेत आवळलं तर त्यावर लोंबण्याचा कोनही चढतो, आणि बुश कायम पिळलेला राहून वर्षभरात फाटतो. गाडीही ठरल्यापेक्षा ५-१० मिमी वर राहते आणि लोक म्हणतात स्प्रिंग अजून बसली नाही.

बरोबर पद्धत : बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी पुढे-मागे ढकला, बंपर चार-पाच वेळा दाबा, आणि मग पिटवर किंवा रॅम्पवर चाकांवर उभी असतानाच टॉर्क पान्याने आवळा. जे बुश-बोल्ट या कामात उघडावे लागले नाहीत तेही असेच एकदा ढिले करून परत आवळा, कारण नवीन उंचीला तेही पिळलेलेच असतात. सस्पेन्शनच्या बोल्टचा आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, मेकॅनिकच्या अंदाजावर सोडू नका. व्हील नट साधारण १०० ते ११० न्यूटन-मीटर. सेल्फ-लॉकिंग नट एकदा उघडले की नवीन.

---

एमएच५०_कागदपत्र

यंत्राची बाजू झाली, कायद्याचीही माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेले तपशील कंपनीने मूळ दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

स्प्रिंगची नोंद आरसीवर नसते, म्हणून बरेच जण हे मनावर घेत नाहीत. पण खाली बसवलेली गाडी नाक्यावर लगेच नजरेत भरते. काम करण्याआधी साताऱ्याच्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या अहवालात आला तर क्लेम नाकारायला कारण मिळतं, आणि ती रक्कम दंडापेक्षा फार मोठी असते. मूळ स्प्रिंग तेल लावून, पुढच्या-मागच्या, डाव्या-उजव्या अशा खुणा करून घरी ठेवा. भंगारात देऊ नका.

---

मिरज_अलाइनमेंट

बसवून झाल्यानंतरचं लिहितो, कारण टायर इथेच संपतात.

बसवल्या दिवशी टो (वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर वळलेली असतात तो कोन) करून घ्या. अलाइनमेंट न करता आठवडाभर फिरू नका. पुढची बाजू खाली गेली की टाय रॉडचा कोन बदलतो आणि टो हमखास हलतो. लोकांना वाटतं आतली कड कॅम्बरने झिजते. २५ मिमीला कॅम्बर साधारण अर्धा अंश निगेटिव्ह होतो, तेवढ्याने टायर खात नाही. टो चुकलेला असेल तर मात्र दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये आतली कड गुळगुळीत होते, आणि वरून बघितलं तर टायर नवीन दिसतो. हात आत घालून कडेवरून फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर तो टोच.

या गाडीत कॅम्बरला कंपनीची सेटिंग नाही. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक आला तर नकलच्या वरच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट घालून जुळवता येतो. त्याआधी कुपवाडकरांनी सांगितलेल्या रेघा जुळल्यात का ते बघा. मागच्या बीमला काहीच सेट होत नाही, तिथे मशीन लाल दाखवत असेल तर बीम किंवा स्टब (चाक बसतं तो दांडा) वाकलाय का ते तपासायचं. मशीनवर चढवण्याआधी चारही टायरमध्ये हवा समान आणि डिकी रिकामी हवी.

पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये स्प्रिंग आणखी थोडी बसते, ३ ते ५ मिमी. त्यानंतर चारही उंची परत मोजा, नकलचे आणि लिंक रॉडचे नट टॉर्क पान्याने तपासा, आणि अलाइनमेंट दुसऱ्यांदा करा. एकाच कोपऱ्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर तिथली स्प्रिंग बशीच्या पायरीत बसलेली नाही, ती बाजू उघडा.

हेडलाइट विसरू नका. मागची बाजू पुढच्यापेक्षा कमी बसली तर झोत खाली पडतो, जास्त बसली तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करून काम करण्याआधी झोताची वरची कड पेन्सिलने आखून ठेवा, नंतर तिथे जुळवा. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रिफ्लेक्टरशिवाय उभ्या असतात, तेव्हा झोत दोन बोटं खाली असला तरी अंतर बरंच कमी दिसतं.

शेवटची तपासणी : पाच जण बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून एखाद्या रॅम्पवर सावकाश चढा-उतरा. मग मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक लायनर टॉर्चने बघा. आधी त्यावर खडूने पांढरं करून ठेवलं तर टायर लागला ती जागा स्पष्ट पुसलेली दिसते. २५ मिमी आणि मूळ मापाच्या १९५/५५ आर१६ ला सहसा लागत नाही. २०५ चे टायर किंवा बाहेर येणारी व्हील असतील तर मागच्या मडगार्डच्या आत वळवलेल्या पत्र्याला लागतं. तिथे पत्रा ठोकून वळवू नका, रंग तडकून पावसाळ्यात गंज धरतो. त्याऐवजी व्हील बदला.